अठ्ठ्याण्णव शाली आणि एक कप्पा

घरात माणसं वाढली की जागा कमी पडते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. माणूस कुठंही मावतो. दोघं खाटेवर, एक खाली सतरंजीवर, पाहुणा आला तर ओटीवर, आणि सून तर बहुतेक वेळ उभीच असते, तिला वेगळी जागा लागत नाही. जागा कमी पडते ती घरातला मान वाढला की. मानाला घडी घालावी लागते, त्याला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकाव्या लागतात, आणि तो खाटेखाली सरकवता येत नाही. त्याला कपाटच लागतं.

हा सिद्धांत ज्या घरात सिद्ध झाला ते अंबाजी आबांचं घर कान्हे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक शेळी आणि एक लोखंडी कपाट, अशी सदर कुटुंबाची मालमत्ता. (शेती आहे. पण तिच्याबद्दल भावाशी बोलणी चालू आहेत, म्हणून ती इथं धरलेली नाही.) कपाट लहान. दोन दारं, एका दाराला आरसा, आत चार कप्पे. सूनबाई घरात आल्या त्या दिवशी या कप्प्यांचं वाटप पुढीलप्रमाणे होतं:

पहिला कप्पा – आबांच्या शाली.
दुसरा कप्पा – आबांच्या शाली.
तिसरा कप्पा – अर्ध्यात आबांच्या शाली. उरलेल्या अर्ध्यात पाहुण्यांच्या चादरी, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्या.
चौथा कप्पा – चिरंजीव स्वराज यांचे कपडे व दोन गोधड्या.
सूनबाई तेजल – बॅग, खाटेखाली.

शाली एकूण अठ्ठ्याण्णव. आबा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, कुठल्या सोसायटीचे चेअरमन नव्हते, पैलवान नव्हते, बैलगाडा शर्यतीत त्यांचा बैल कधी पहिला आला नाही, कारण त्यांच्याकडं बैलच नव्हता. तरीही अठ्ठ्याण्णव. याचं कारण असं की आबांच्या अंगी तीन दुर्मीळ गुण आहेत. ते कार्यक्रमाला वेळेवर येतात, त्यांच्याकडं कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख असतो, आणि ते माइक मागत नाहीत. ज्या व्यासपीठावर वीस खुर्च्या मांडल्या आहेत आणि एकोणीस मान्यवर आले आहेत, तिथं असा माणूस सोन्यासारखा. विसाव्या खुर्चीवर बसला की तोही मान्यवर होतो, आणि मान्यवर झाला की त्याचा सत्कार करणं भाग पडतं. पत्रिकेवर आबांचं नाव ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ म्हणून येतं. आजवर त्यांनी कुणाला काय मार्गदर्शन केलं याची चौकशी कुणी केलेली नाही, यावरूनच ते किती अचूक असावं हे कळतं.

आमच्या मावळात कुठलाही कार्यक्रम तीन तासांचा असतो. त्यातले दोन तास चाळीस मिनिटं सत्काराला जातात आणि वीस मिनिटं कार्यक्रमाला. (आभारप्रदर्शन धरून.) सत्काराचे घटक पाच. त्यांचा पुढचा प्रवास पाहिला तर व्यवस्था किती विचारपूर्वक केलेली आहे ते ध्यानात येईल. नारळ चटणीत जातो. पुष्पगुच्छ शेळी खाते. फेटा फेटेवाला परत नेतो, कारण तो भाड्याचा असतो. सन्मानचिन्ह कपाटावर उभं राहतं आणि दार जोरात लावलं की पडतं. उरते शाल.

शाल ही वस्तू मोठी अभ्यासण्यासारखी आहे. ती तपकिरी असते किंवा भगवी, काठाला चकाकी असते, आणि ती अंगावर घालून थंडी जात नाही. ओलं पुसायला घेतली तर पाणी ओढत नाही. दुसऱ्या कार्यक्रमाला पांघरून जाता येत नाही, कारण आधीच शाल पांघरलेल्या माणसाला शाल कशी घालणार? आबांच्या पत्नी सविताबाईंनी एकदा अकरा शाली जोडून गोधडी शिवली होती. ती रात्रीतून तीनदा आबांच्या अंगावरून घसरून जमिनीवर गेली. चौथ्यांदा पायाखाली आली तेव्हा आबा उठून बसले.

‘‘बाजीराव नानांनी, सभापतींनी घातल्याली शाल हाय ही. पायाखाली?’’

गोधडी उसवण्यात आली. अकराच्या अकरा शाली घडी होऊन पुन्हा दुसऱ्या कप्प्यात गेल्या. इथं नमूद केलं पाहिजे की आबांना प्रत्येक शाल ओळखू येते. अंधारातही. ही दूध डेअरीच्या उद्घाटनाची, ही दहावीच्या गुणवंतांची (आबा नववी आहेत), ही स्टेशनच्या नव्या बाकड्याच्या लोकार्पणाची.

तेजलबाई लग्न होऊन आल्या त्या वैशाखात. माहेर इंदुरीचं, नोकरी तळेगावच्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात. बोलणं थोडं, बघणं जास्त. पहिला महिनाभर त्यांनी रोज सकाळी खाटेखालून बॅग ओढली, त्यातून कपडे काढले, बॅग परत ढकलली. कुणाला तक्रार ऐकू आली नाही. मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस हा बाहेर पडतो तसा घरातही पडतो. फक्त घरात तो भिंतीतून येतो. आषाढ लागायच्या आत बॅगेला बुरशी आली. आणि ज्या दिवशी कारखान्यात परदेशी पाहुणे तपासणीला आले, त्या दिवशी तेजलबाई पांढरे ठिपके पडलेली काळी पॅन्ट घालून, ओल्या गोणपाटाचा वास घेऊन, स्वच्छतेविषयी माहिती द्यायला उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी त्या घरी येताना लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घेऊन आल्या.

कारखान्यात अशी पद्धत आहे की जी वस्तू वर्षभर कुणी वापरली नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर कारण लिहायचं आणि ती वस्तू तिथून हलवायची. जागा मोकळी होते. पद्धत जपान्यांची आहे. जपानात सत्कार कमी असावेत. तेजलबाईंनी रविवारी कपाट उघडलं आणि टाचणीनं एकेका शालीला चिठ्ठी लावायला घेतली. प्रत्येकीवर एकच मजकूर: ‘वर्षभरात उपयोग नाही. हलवावे.’ खाली तारीख आणि सही.

आबा ओटीवरून आत आले.

‘‘ह्ये काय लावलंय, पोरी?’’

‘‘आबा, या शाली वापरात नाहीत ना, म्हणून.’’

‘‘शाल वापरायची आसती व्हय?’’ आबांना खरोखर आश्चर्य वाटलं. ‘‘शाल घ्यायची आसती.’’

‘‘मग कुणाला तरी देऊन टाकू. मला एक कप्पा पुरे आहे, आबा. एकच.’’

‘‘लोकांनी मान दिलाय. मान काय भंगारात घालायचा?’’

तेजलबाईंनी साठाव्या शालीपर्यंत चिठ्ठ्या लावल्या. तिथं चिठ्ठ्या संपल्या. दुसऱ्या दिवशी आषाढ लागला. नवी सून आखाडात माहेरी जाते, ही आपल्याकडची जुनी रीत. तेजलबाईंना सामान बांधायला वेळ लागला नाही, कारण ते सुटलंच नव्हतं. उंबऱ्यात उभं राहून त्या सासूला म्हणाल्या, ‘‘आई, श्रावणात येईन म्हणते. पण कप्पा रिकामा झाला तरच. नाहीतर नका बोलावू.’’ आणि नवऱ्याला काही न बोलता इंदुरीला गेल्या. इंदुरीहून तळेगावचा कारखाना उलट जवळ पडतो, ही गोष्ट स्वराजच्या ध्यानात त्या रात्री आली आणि त्याला झोप लागली नाही.

स्वराज लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर नोकरीला आहे. दोन रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्याला सहा फुटी कपाटाची किल्ली हसून हातात देणं, हे त्याचं काम. त्या कपाटात पाहुणे एक ओली चड्डी वाळत घालतात. आणि जन्मभरासाठी आलेल्या बायकोला त्याला एक कप्पा देता येईना. माणूस व्यवसायानं जे करतो ते घरी करू शकत नाही, हे खरं. पण तेजलचे फोन दिवसाला तीनवरून एकावर आले, आणि तो एकही ‘जेवलास का’वर संपायला लागला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

त्यानं मोबाइलवर बघायला सुरुवात केली. लहान कपाट कमी खर्चात कसं लावावं, यावर जगात फार काम झालेलं आहे. परदेशातल्या एक बाई रिकाम्या, पांढऱ्या, उजेडाच्या खोलीत तीन सदरे घेऊन उभ्या असतात आणि त्यांची घडी पाकिटासारखी घालून उभी ठेवतात. त्यांना सासरा नसावा. सविताबाईंनी घरखर्चातून पाचशे रुपये मंजूर केले. त्यातून स्वराजनं पुढील साहित्य आणलं: कापडी डबे चार, दाराला लटकवायची खिशांची पट्टी एक, पाच मजली हँगर दोन. सगळं सुंदर होतं. अडचण एवढीच झाली की कपाटातली जागा वाचवणारं हे साहित्य ठेवायला कपाटात जागा नव्हती. त्यामुळं ते तेजलबाईंच्या बॅगेच्या रिक्त झालेल्या जागी, म्हणजे खाटेखाली, ठेवण्यात आलं. (खिशांची पट्टी दाराला लावली होती. दार लागेना. काढली.)

‘‘सोन्या, पाचशे रुपयांत तू आजून थोडी अडगळ आणलीस,’’ सविताबाई म्हणाल्या. ‘‘रोग कुटं आन् मलम कुटं. शाली काढा म्हणाव त्यांना.’’

‘‘तू सांग ना आबांना.’’

‘‘मी एकतीस वर्सं सांगतीय. आता तू दोन म्हयने सांग.’’

स्वराजनं सांगितलं. त्याच्या वडिलांनी ऐकून घेतलं. आबा वाईट माणूस नाहीत, हे इथं लिहिलं पाहिजे; सून जाताना तिच्या हातात त्यांनी प्रवासाला शंभराची नोट ठेवली होती आणि ती गेल्यावर बराच वेळ शेळीशी बोलत बसले होते. पण शाल फेकता येत नाही. विकता येत नाही. बोहारणीला दिली तर ती भांडं देते, आणि मानाच्या बदल्यात पातेलं घेतलं असं गावात झालं तर पुन्हा खुर्ची मिळायची नाही. आबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जे सांगितलं, त्याच्या तर्कात आम्हाला आजही खोट काढता आलेली नाही.

‘‘शाल घरातनं काढायची एकच इज्जतीची वाट हाय. दुसऱ्याच्या खांद्यावर घालायची.’’

अठ्ठ्याण्णव शाली काढायच्या, तर अठ्ठ्याण्णव सत्कार करायचे. अठ्ठ्याण्णव सत्कार करायचे, तर अठ्ठ्याण्णव गुणवंत शोधायचे. एका कप्प्यासाठी खरं तर चाळीस पुरले असते. पण सत्कार चाळिसांचाच केला, तर उरलेले अठ्ठावन्न जण वर्षभर बोलणार नाहीत, हे आबांना अनुभवानं माहीत होतं.

गुणवंत शोधणं सोपं नव्हतं. दहावी-बारावीवाले, पोलीस भरतीवाले, सैन्यातून निवृत्त, यांचे सत्कार जूनमध्येच उरकून त्यांच्याही घरची कपाटं भरली होती. आबांनी ओटीवर बसून नव्या वर्गवाऱ्या काढल्या. लाइट बिल मुदतीत भरणारे (चार). भुशी डॅमला जाणाऱ्या पर्यटकांना खरा रस्ता सांगणारे (दोन, आणि त्यातला एक नंतर बाद, कारण तो खरा रस्ता सांगतो पण भांडतो). पावसात लोकल थांबल्यावर स्टेशनमास्तरला शिवी न देणारे. जमीन विकूनही मोठी गाडी न घेतलेले (एक, तोही ‘बघतोय’ म्हणाला). दुसऱ्याच्या लग्नात जेवून आल्यावर भाजीला नावं न ठेवणाऱ्या महिला. या शेवटच्या गटात शोध घेऊनही कुणी सापडलं नाही, म्हणून तो ‘कमी नावं ठेवणाऱ्या’ असा करण्यात आला, आणि त्यात भागुबाई एकमतानं आल्या. टेम्पोवाला संदेश याचा सत्कार ‘सांगितलेल्या दिवशी येणारा टेम्पोवाला’ म्हणून ठरला. सांगितलेल्या वेळी नव्हे. सत्कार करताना खोटं बोलू नये, अशी आबांची भूमिका होती.

काटकसर पूर्ण पाळण्यात आली. नारळाऐवजी शुभेच्छा. गुच्छाऐवजी टाळ्या. मंडप म्हणून देवळाचा सभामंडप, भाडं नाही. प्रमुख पाहुणे बाजीराव नाना, पंचायत समितीचे माजी सभापती, ज्यांना बोलावलं नाही तरी ते येतात, त्यामुळं पत्रिकेचाही खर्च वाचला.

सोहळा उत्तम झाला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत आबा शाली घालत होते. आयुष्यभर घालून घेणारे हात पहिल्यांदाच घालत होते, त्यामुळं सुरुवातीला शाल डोक्यावर जायची; पुढं जमलं. पहिली शाल अर्थातच नानांना. नाना फोटोसाठी वळले तेव्हा त्यांच्या डाव्या खांद्यावर, काठाच्या चकाकीवर, लाल चिठ्ठी डोलत होती.

‘वर्षभरात उपयोग नाही. हलवावे.’

पुढच्या चार रांगांनी ती वाचली. कुणी हसलं नाही. सभापतिपद जाऊन नानांना नेमकं एक वर्ष झालं होतं. नानांनी मान वळवून चिठ्ठी पाहिली, पण त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी चिठ्ठी बोटांनी चाचपली, सही दिसली, तारीख दिसली, आणि ते प्रसन्न होऊन माइकवर म्हणाले, ‘‘अंबाजीरावांनी शालीला प्रमाणपत्रसुद्धा जोडलेलं आहे. अशी शिस्त मी तालुक्यात पाहिली नाही.’’

टाळ्या पडल्या. इथून पुढं घडलं ते सांगताना आम्ही काहीही वाढवलेलं नाही. आणखी एकोणसाठ जणांच्या शालीवरही चिठ्ठ्या निघाल्या, आणि प्रत्येकानं ती पुढं करून फोटो काढला. ज्यांच्या शालीला चिठ्ठी नव्हती असे अडतीस गुणवंत कार्यक्रम संपल्यावर आबांभोवती जमले.

‘‘आबा, आमी काय कमी केलं? आमाला साधी शाल?’’ कस्तुराबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. त्यांचा सत्कार कुणाचंही मन न दुखवल्याबद्दल झाला होता.

‘‘मावशी, चिठ्ठ्या संपल्या वं.’’

‘‘संपल्या कशा? आमचा नंबर आला की बरं संपत्यात.’’

तरीही मुख्य काम झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी कपाटाचे दोन कप्पे पूर्ण आणि एक अर्धा, असे रिकामे होते. सविताबाईंनी वरचा कप्पा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या. त्यावर जुना पेपर अंथरला, कोपरे दुमडले. आणि काही कारण नसताना खाटेवर बसून त्या रिकाम्या कप्प्याकडं बघत राहिल्या. चहा गार झाला. स्वराजनं कप्प्याचा फोटो काढून तेजलबाईंना पाठवला. उत्तर यायला वेळ लागला.

‘‘खरंच रिकामा आहे? की शाली दुसऱ्या खोलीत ठेवल्यात?’’

‘‘खरंच. आईची शपथ.’’

‘‘रविवारी येते.’’

स्वराजनं तो मेसेज आईला दाखवला, मग आबांना, मग रिसॉर्टवर जाऊन तिथल्या स्वयंपाक्यालाही दाखवला.

परंतु मान ही उधारी आहे, ही गोष्ट हिशोबात धरायची राहिली होती. आमच्याकडं माणूस बँकेचं कर्ज थकवील, भावाचा बांध कोरील, पण खांद्यावर पडलेली शाल अंगावर ठेवून घेणार नाही. सत्कार झालेल्या अठ्ठ्याण्णव जणांना त्या रात्री जेवण गोड लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून टोचायला लागलं. अंबाजी आबांनी आपल्याला शोधून काढलं. आपण त्यांचं काय केलं? मंगळवारी समिती झाली. नाव ‘सत्कारमूर्ती कृतज्ञता समिती’, अध्यक्ष नाना. शनिवारी संध्याकाळी आबांचा जाहीर नागरी सत्कार. प्रत्येकानं आपापली शाल स्वतः घालायची, असं ठरलं, कारण एकत्र वर्गणीत कुणाचं नाव पुढं येत नाही.

कामशेतच्या दुकानात शालींची चौकशी झाली, तर हंगामामुळं माल संपलेला. मग आबांनी दिलेलीच शाल आबांना परत घालायची? हा असभ्यपणा झाला असता. समितीनं त्यावर तोडगा काढला. शाली आपसात बदलून घ्यायच्या. भागुबाईंची संदेशला, संदेशची कस्तुराबाईंना, असं करत एकही माणूस स्वतःला मिळालेली शाल देणार नाही, याची काळजी घेण्यात आली. आणि कुणाची शाल कमी दिसू नये म्हणून छापखान्यातून लाल चिठ्ठ्या छापून घेऊन, जुन्या काढून, सगळ्याच शालींना लावण्यात आल्या. मजकूर मूळ नमुन्याप्रमाणे. पदाधिकाऱ्यांनी तो वाचला होता का, या प्रश्नाला अर्थ नाही. प्रमाणपत्र कुणी वाचत नाही.

आबांना शनिवारी दुपारी कळलं. ते खरोखर घाबरले.

‘‘स्वराज, आरं, उद्या पोर यायचीय. ह्यांला कसं आडवू?’’

‘‘नको म्हणा, आबा.’’

‘‘कुणाला नको म्हणू? समद्या गावाला?’’

‘‘हो!’’

आबा गेले, तेव्हा नको म्हणायचं ठरवूनच गेले होते. पण नको हा शब्द स्टेजवरच्या खुर्चीत बसून उच्चारता येत नाही, ही त्या खुर्चीची रचना आहे. पहिली शाल खांद्यावर आली तेव्हा त्यांनी हात वर केला. लोकांना वाटलं नमस्कार. पंधराव्या शालीला त्यांनी गर्दीत सविताबाईंकडं पाहिलं. सविताबाई हातातल्या छत्रीच्या काड्या बघत होत्या. चाळिसाव्या शालीनंतर आबा दिसेनासे झाले. सत्तराव्याला त्यांना मागून एक जण धरून उभा होता. घरी येताना संदेशच्या टेम्पोतून शाली आल्या आणि आबा मागून चालत आले.

रात्री घरात शालींचा ढीग पडला होता. शाली ठेवणार कुठं? भिंतीला ओल, जमिनीला ओल. आबांनी एकेक शाल उचलली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. वरच्या कप्प्यातला पेपर त्यांनी काढला नाही. त्याच्यावरच ठेवली.

रविवारी सकाळी तेजलबाई आल्या. बॅग नवी होती. पाणी प्यायल्या, सासूच्या पाया पडल्या, सरळ कपाटापाशी गेल्या आणि दार उघडलं. अठ्ठ्याण्णव लाल चिठ्ठ्या. त्यांनी एक उलटून पाहिली. खाली छापखान्यानं त्यांची सहीसुद्धा जशीच्या तशी छापली होती.

त्यांनी दार लावलं. जोरात नाही. तरी वरचं एक सन्मानचिन्ह पडलं.

‘‘स्वराज, घोरावाडीला स्टेशनमागं एक खोली बघितलीय मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भाडं माझ्या पगारात बसतं. ओल नाही. तू येणार असशील तर ये, नसशील तर तसं आत्ताच सांग.’’

स्वराजनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग खाटेखालून ते चार कापडी डबे ओढून काढले आणि हातात घेऊन उभा राहिला. तेच त्याचं उत्तर होतं.

‘‘पोरी, जरा थांब,’’ आबा म्हणाले. ‘‘आपुन ह्यातनं काय तरी मार्ग...’’

‘‘मार्ग नगं,’’ सविताबाई म्हणाल्या. ‘‘तिकडं खोलीत कपाट हाय का गं?’’

‘‘नाही आई. घेईन पुढंमागं.’’

‘‘घेऊ नगंस. हेच न्ये.’’

‘‘कपाट?’’ आबा उठले. ‘‘आन् ते कुणाचं म्हणून?’’

‘‘माझ्या बापानं दिल्यालं. लग्नात, संसाराबरूबर. देहूरोडवरनं बैलगाडीत घालून आणलंवतं, रंग उडू नये म्हणून वरनं वाकळ टाकून. तवापासनं माझी पत्र्याची पेटी खाटंखालीच हाय. एकतीस वर्सं. तिच्यातच लुगडी, तिच्यातच आईनं दिल्याली चोळी, तीबी कुजली. मला वाटलं, बाईमाणसाला कप्पा नसतूच.’’ त्यांनी पदर खोचला. ‘‘हिनं मागितला तवा कळलं, की मागायचा आसतू.’’

आबा पुन्हा खाली बसले.

‘‘आन् माझा मान?’’ आबा हळूच म्हणाले.

‘‘त्यो खाटंवर ठिवा. मी न्हाईतरी आठ दिवस ह्या पोरीकडं जातीय. माझी बाजू मोकळीच हाय.’’

संदेशचा टेम्पो सांगितलेल्या दिवशी आला. त्यानं भाडं घेतलं नाही, मानाला बाध येतो म्हणाला. संपूर्ण सत्कार चळवळीचा पैशांत मोजता येईल असा हा एकमेव लाभ. कपाट रिकामं करायला दहा मिनिटं लागली, उचलायला चार माणसं. चौघंही सत्कारमूर्ती होते. सविताबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि कपाटाचा आरसा मागं आभाळ दाखवत घोरावाडीला गेला.

तिथं तेजलबाईंनी कपाट लावलं. वरचा कप्पा स्वतःचा, दुसरा स्वराजचा, खालचा अंथरुणाचा. तिसरा त्यांनी पुसला, पेपर टाकला आणि म्हणाल्या, ‘‘आई, हा तुमचा. तुम्ही कान्ह्याला असलात तरी तुमचाच. मी काही ठेवणार नाही यात.’’ सविताबाईंनी त्यात काय ठेवलं? एक साडी. बरोबर एकच आणली होती. ती मधोमध ठेवली, मग थोडी डावीकडं सरकवली, मग परत मधोमध. असं दोन-तीनदा केलं, आणि दार न लावताच बसून राहिल्या. आठ दिवसांसाठी गेल्या त्या पंधरा दिवस झाले तरी तिथंच आहेत.

कान्ह्याला आबा शालींच्या शेजारी झोपतात. शाली भिंतीच्या बाजूला, आबा कडेला. गेल्या पंधरवड्यात त्यांचा आणखी एक सत्कार झाला: ‘सुनेला स्वखुशीनं संपूर्ण कपाट देणारे आदर्श सासरे’. नानांनी स्वतः शाल घातली. सविताबाईंना निरोप होता, पण त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायची राहून गेली, म्हणून त्या आल्या नाहीत. आबा भाषण करत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी माइक मागितला. म्हणाले, ‘‘घरी जरा जाऊन यीन म्हणतो, घोरावाडीला.’’ कुणाला काही कळलं नाही. टाळ्या झाल्या.

हे सगळं वाचताना तुम्ही आबांना हसला असाल. हरकत नाही. तुमच्याकडं शाली नाहीत, भिंतीत बसवलेलं सरकत्या दाराचं कपाट आहे, आणि घरात सगळ्यांना समान वागणूक आहे, हे आम्ही मान्य करतो. तरी उद्या सकाळी एक करा. आपले कपडे काढून घेतलेत, की दार लावायच्या आधी क्षणभर थांबा आणि बघा, घरातलं कोण कपडे काढायला खाली वाकतंय. पलंगाच्या पेटीत, दारामागच्या खिळ्यावर, दोन पिशव्यांत. कोण ते आत्ता लगेच आठवत नाही ना? साहजिक आहे. ज्यांचे कपडे कपाटात असतात, त्यांना ते कधीच आठवत नाही.